पी५३ नॉकआउट उंदीर: निष्कर्ष काढण्याआधी या चुका टाळा

पी५३ हा ट्यूमर रोखणारा जीन, आणि तो मुद्दाम काढून टाकलेले ते नॉकआउट उंदीर. असे उंदीर लॅबमध्ये आले की नव्या विद्यार्थ्याचा हिशेब साधा असतो: जीन काढला, ट्यूमर आले, म्हणजे जीनचं काम कळलं. १९९२ साली डोनेहॉवर, ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर पहिल्यांदा तयार केले, तेव्हाच हा हिशेब अपुरा आहे हे दिसायला हवं होतं. दोन्ही प्रती नसलेली बहुतेक पिल्लं चांगली जन्मली, वाढली. सहा महिन्यांच्या आत त्यांतल्या ७४ टक्क्यांना ट्यूमर झाले, ही गोष्ट नंतरची. जीन नसताना काय बिघडतं आणि जीन असताना काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढच्या बहुतेक चुका या दोन्हींची गल्लत केल्यामुळेच होतात.

स्ट्रेनकडे (उंदरांच्या शुद्ध वाणाकडे) दुर्लक्ष

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दोन्ही प्रती नसलेल्या उंदरांत बहुधा थायमसमधला (छातीतल्या, टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीतला) टी-पेशींचा लिम्फोमा होतो आणि निम्मे उंदीर साडेचार महिन्यांच्या आसपास दगावतात. पण तोच जीन १२९ स्ट्रेनमध्ये नसेल तर नरांत वृषणाचे टेराटोमा (अनेक प्रकारच्या ऊती मिसळलेले ट्यूमर) दिसू लागतात. एकच प्रत गेलेल्या उंदरांत एरवी सार्कोमा (हाडं, स्नायू अशा ऊतींचे कर्करोग) जास्त. त्याच अवस्थेतल्या बाल्ब-सी माद्यांना मात्र स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो. ली-फ्रॉमेनी सिंड्रोमवर (पी५३ ची एक प्रत जन्मतः बिघडलेल्या माणसांतल्या आनुवंशिक कर्करोगांवर) काम करायचं आणि स्तनाचे ट्यूमर हवेत, तर हातातल्या सी५७ ब्लॅक ६ वसाहतीवर दोन वर्षं घालवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

कंट्रोल म्हणून बाहेरून विकत आणलेले वाइल्ड-टाइप (दोन्ही प्रती शाबूत असलेले) उंदीर वापरू नका, त्याच वेतातली भावंडं घ्या. मूळ बदल १२९ च्या स्टेम पेशींत केलेला असेल, तर कितीही पिढ्या बॅकक्रॉस करा (हव्या त्या स्ट्रेनशी पुन्हा पुन्हा संकर करा), अकराव्या क्रोमोसोमवर पी५३ च्या शेजारचा १२९ चा थोडा तुकडा सोबत येतोच.

माद्या कमी निघाल्या की जीनोटायपिंगला दोष देणं

हेटरोझायगसांच्या (एकच प्रत गेलेल्या उंदरांच्या) क्रॉसमधून एक चतुर्थांश पिल्लं नल, म्हणजे दोन्ही प्रती नसलेली, मिळायला हवीत. दूध तोडायच्या वेळी नल माद्या त्याहून कमी भरल्या की जीनोटायपिंग (कोणत्या पिल्लात किती प्रती आहेत ते पीसीआरने तपासणं) चुकलं असं समजून लगेच प्रायमर बदलले जातात. पीसीआर बहुतेकदा ठीकच असतो. नल मादी भ्रूणांपैकी काहींत मेंदू ज्यातून घडतो ती नलिका बंद होत नाही, आणि अशी पिल्लं जन्माच्या सुमारास जातात. जगलेल्या नल माद्यांकडून वीण मिळणंही कठीण, कारण पी५३ विना गर्भाशयात भ्रूण नीट रुजत नाही. म्हणून हेटरोझायगस मादी आणि तरुण नल नर अशी जोडी लावा: निम्मी पिल्लं नल येतील. नराला मात्र वेळेत जोडीला लावा, त्याचं आयुष्य थोडं असतं.

वेस्टर्नवर बँड नाही म्हणून प्रथिन नाही

वेस्टर्न ब्लॉटमध्ये अँटिबॉडीने प्रथिन शोधतात आणि ते बँडच्या रूपात दिसतं. साध्या अवस्थेत पी५३ बनतं आणि एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला लगेच नष्ट होण्याच्या वाटेला लावतं. त्यामुळे निरोगी वाइल्ड-टाइप ऊतीत बँड फिकट किंवा जवळजवळ नसल्यासारखा दिसतो. उलट मिसेन्स म्यूटंट (एक अमिनो आम्ल बदललेलं पी५३) ट्यूमरमध्ये साचतं आणि बँड ठसठशीत येतो. गडद बँड म्हणजे पी५३ जोरात काम करतंय असं वाचणारे अजून भेटतात! आधी अँटिबॉडी तपासा: मानवी नमुन्यांसाठी सर्रास वापरली जाणारी डीओ-१ उंदराचं पी५३ ओळखत नाही, उंदरासाठी सीएम५ घ्या. मग वाइल्ड-टाइप थायमोसाइटना (थायमसमधल्या पेशींना) रेडिएशन देऊन काही तासांनी लायसेट करा (पेशी फोडून प्रथिनं काढा) आणि शेजारच्या लेनमध्ये नल ठेवा.

याच पेशींवर काम तपासण्याचा एक सुरेख प्रयोग आहे. रेडिएशन दिल्यावर वाइल्ड-टाइप थायमोसाइट मरतात, नल तगून राहतात. डेक्सामेथासोन (डीएनएला इजा न करता या पेशींना मारणारं स्टेरॉइड) घातलं की मात्र दोन्ही मरतात. ही दुसरी तुलना नसेल, तर तुमच्या पेशींना मरताच येत नाही की फक्त डीएनएच्या इजेवरचा प्रतिसाद गेलाय, हे सांगता येत नाही.

हेटरोझायगस ट्यूमर म्हणजे दुसरी प्रत गेलीच

असं गृहीत धरू नका. या उंदरांच्या बऱ्याच ट्यूमरमध्ये, काही मालिकांत जवळपास निम्म्यांत, वाइल्ड-टाइप प्रत शाबूत आढळली आहे. शिवाय ट्यूमरच्या तुकड्यात रक्तवाहिन्या आणि आजूबाजूच्या निरोगी पेशी मिसळलेल्या असतात, तेव्हा फिकट वाइल्ड-टाइप बँडवरून इकडचा किंवा तिकडचा दावा नको.

फ्लॉक्स उंदीर (ज्यांच्यात क्रे हे एन्झाइम ठरावीक ऊतीतच जीन कापून काढतं) वापरत असाल तर थोडक्यात: क्रे स्वतःच डीएनएला इजा करू शकतं आणि तेवढ्यानेही पी५३ जागं होतं. कंट्रोलमध्ये क्रे हवंच, फक्त फ्लॉक्स नको.

नल आणि म्यूटंट एकच समजणं

पी५३ प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलणारा उंदरातला आर१७२एच बदल हा माणसातल्या आर१७५एचचा जोडीदार. २००४ साली दोन गटांनी दाखवलं की असा म्यूटंट असलेल्या उंदरांचे ट्यूमर, नुसती प्रत गेलेल्या उंदरांच्या मानाने, जास्त पसरतात. म्हणजे म्यूटंट नुसतं निकामी नसतं. तेव्हा नल उंदरातला निष्कर्ष रुग्णांमधल्या म्यूटंट पी५३ वर सरळ चिकटवू नका.

पेशीचक्र थांबवणं आणि अपोप्टोसिस (पेशीचा नियोजित मृत्यू), एवढंच पी५३ चं काम, हे पाठ्यपुस्तकी उत्तरही जपून वापरा. २०१२ साली पी५३ मधली तीन लायसिन (अमिनो आम्लं) बदललेले उंदीर आले. त्यांच्यात ही दोन्ही कामं आणि सेनेसन्स (पेशीने कायमचं विभाजन थांबवणं) गेलेलं, तरी नल उंदरांसारखे लवकर ट्यूमर आले नाहीत. पुढच्याच वर्षी पी२१, प्यूमा आणि नॉक्सा (पी५३ ज्यांच्यामार्फत ही कामं करतं ते जीन) तिन्ही नसलेल्या उंदरांतही तेच दिसलं. चयापचयाशी निगडित काही कामं तगली असावीत, असा एक अर्थ लावला जातो. माझ्या मते तो अर्थ बळकट आहे, पण शेवटचा नव्हे.

जगण्याचा आलेख

नल उंदीर दहा आठवड्यांचे झाले की रोज पाहा, शनिवार-रविवारीही. पाठ कुबडलेली, अंगावरचे केस उभे, पोट आत ओढून घेतलेला श्वास दिसला तर छातीतला थायमस फुगलाय असं समजा आणि संस्थेच्या प्राणी आचारसमितीने मंजूर केलेल्या एंडपॉइंटप्रमाणे (उंदराला वेदनारहित मृत्यू द्यायच्या ठरलेल्या टप्प्याप्रमाणे) थांबा. सोमवारी मेलेला सापडलेला उंदीर कुजून गेलेला असतो, ट्यूमर कुठला ते मग ठरत नाही. भांडणाच्या जखमांमुळे काढावा लागलेला नर ट्यूमरने गेला असं नोंदवू नका, आणि यादीतून गाळूही नका. त्या तारखेला सेन्सर करा, म्हणजे तोवर तो ट्यूमरने मेला नव्हता एवढंच मोजा.