मोरेलोसची चांदीची नाणी जमवायचीत? आधी हे बघा

मेक्सिकोचं स्वातंत्र्ययुद्ध १८१० ते १८२१ चाललं आणि त्यात होसे मारिया मोरेलोसच्या बंडखोरांनी स्वतःची नाणी काढली, एका बाजूला धनुष्यबाण आणि खाली SUD म्हणजे 'सुद', दक्षिण. यातली बहुतेक तांब्याची, नंतर खरं चलन देऊ अशा वचनावर चालवलेली, चांदीची मात्र फार कमी, म्हणून नकलांचा नुसता सुळसुळाट आहे.

माझं ऐका, सुरुवात तांब्याच्या ८ रेआलेसनेच करा (रेआल हे तेव्हाचं स्पॅनिश चलन, रेआलेस त्याचं अनेकवचन). पाच-सहा नाणी हातात घेऊन बघितली की अक्षरांचा वेडावाकडेपणा डोळ्यात बसतो, मग चांदीकडे वळा.

वजनकाटा घ्याच. स्पेनच्या राजाच्या टांकसाळीचं चांदीचं ८ रेआलेस साधारण २७ ग्रॅमचं असतं, पण बंडखोरांच्या नाण्यांत वजन आणि चांदीची शुद्धता दोन्ही इकडेतिकडे, त्यामुळे नुसत्या वजनावरून निकाल लावू नका. ओतीव दिसलं म्हणजे खोटंच असंही नाही, काही खरी नाणीसुद्धा साच्यात ओतलेली आहेत, इथेच तर भलेभले फसतात! कडेला जोड घासून काढल्याच्या खुणा लेन्सने बघा, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत वाटली तर सावध व्हा.

राजाच्या नाण्यावर मोरेलोसचा ठसा मारलेलाही मिळतो. ठसा नंतर कोणी ठोकलाय का ते बघायला त्याच्या खोलगट भागातली झीज आणि काळपटपणा बाकीच्या नाण्याशी जुळवा.

आणि पॉलिश? अजिबात नाही. महागाचं घेताना जुन्या लिलावाची नोंद मागा, देत नसेल तर सोडून द्या.