निर्वासितांसोबत काम करणाऱ्या ताईंनी स्वतःला कसे सांभाळावे

निर्वासित कुटुंबांसोबत काम करताना ऐकलेल्या दुःखापेक्षाही त्यावरचा उपाय आपल्या हाती नसणे समाजकार्यकर्तीला अधिक थकवते, असे माझे मत आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. अफगाणिस्तान किंवा म्यानमारमधून आलेल्यांची नोंदणी करून त्यांना निर्वासित म्हणून ओळखकार्ड देण्याचे काम संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय करते, आणि त्याची कार्यालये दिल्ली व चेन्नई येथे असल्यामुळे ‘आमचे कार्ड कधी येईल’ या प्रश्नाचे उत्तर मुंबईतल्या ताईकडे नसते. म्हणून मुलांचा शाळाप्रवेश, पालिकेच्या रुग्णालयातला केसपेपर, घरमालकाशी बोलणी यांत आपण सोबत करू शकतो, परंतु कार्डाचा निर्णय आपला नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. ‘बघूया, होईल काहीतरी’ हे वाक्य त्या क्षणी मायेचे वाटते. महिनाभराने तीच बाई आशेने दारात उभी राहते, तेव्हा तेच वाक्य आपली झोप उडवते.

अत्याचाराची हकीकत ऐकली असेल, तर तिची नोंद त्याच दिवशी, कार्यालयातच आणि आवश्यक तेवढ्याच तपशिलांत पूर्ण करावी. माझी एक ज्येष्ठ सहकारी फाइल कपाटात ठेवून, कुलूप लावून, नळाखाली हात-तोंड धुतल्याशिवाय गोवंडी स्टेशनकडे निघत नसे, आणि महिलांच्या डब्यात बसल्यावर कामाचा फोन उचलत नसे. रात्रीचे फोन एकटीने घेऊ नयेत. कामासाठी वेगळे सिमकार्ड ठेवून ते पाळीपाळीने सांभाळण्याची व्यवस्था संस्थेकडे मागून घ्यावी.

दुभाषिणीकडे आपले फार दुर्लक्ष होते. ती बहुधा त्याच समाजातली असते, स्वतः त्याच वाटेने आलेली असते, आणि भाषांतर करताना दुसरीचे भोग तिला ‘मी’ म्हणून उच्चारावे लागतात. भेट संपल्यावर तिच्यासोबत दहा मिनिटे बसावे, चहा घ्यावा, आणि लगेच पुढच्या घरी नेऊ नये.

स्वतःच्या मुलीला न्हाऊ घालताना ऐकलेला प्रसंग डोळ्यांसमोर येणे, विनाकारण चिडचिड होणे, किंवा भयंकर हकीकत ऐकूनही काहीच न वाटणे ही दुय्यम आघाताची, म्हणजे दुसऱ्यांचे भोग सतत ऐकून आपल्याच मनाला बसलेल्या धक्क्याची, लक्षणे असू शकतात. यांतले शेवटचे लक्षण अनुभवाची परिपक्वता समजून सोडून दिले जाते, म्हणून त्याची मला अधिक काळजी वाटते. अशा वेळी पर्यवेक्षकांकडे केसच्या प्रगतीखेरीज स्वतःसाठीही वेळ मागावा, आणि ते संकोचाचे वाटल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

घरी तपशील सांगणे गोपनीयतेमुळे शक्य नसते. तरीही ‘आज काम जड होते, अर्धा तास मला कोणी काही विचारू नका’ एवढे सासूबाईंना किंवा नवऱ्याला जरूर सांगावे, आणि त्या अर्ध्या तासात कुकरही दुसऱ्या कोणीतरी लावावा.