बडोद्यात भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेताना

भाड्याने द्यायला घर घ्यायचं ठरलं की आपण आधी ब्रोकरला फोन करतो. त्याच्याआधी एका कागदावर लिहा: या घरात राहणार कोण? घर नंतर, भाडेकरू आधी.

बडोद्यात याची उत्तरं भागाप्रमाणे बदलतात. फतेगंज, प्रतापगंजला सयाजीराव विद्यापीठाची मुलं-मुली. वाघोडिया रोडला पारुल विद्यापीठाचे विद्यार्थी. मकरपुरा, मांजलपूरला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला जाणारे. गोत्री, वासणा, भायलीकडे नोकरदार कुटुंबं. हरणीला गेलात तर ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झालेल्या टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याचं नाव पहिल्या पाच मिनिटांत ऐकायला मिळेल. ऐकून घ्या, पण भाव ठरवताना शेजारच्या फ्लॅटला आज किती भाडं येतं तेवढंच विचारा.

विद्यार्थ्यांना देणार असाल, तर सोसायटीच्या सेक्रेटरीला सौद्याआधी भेटा. ‘बॅचलरला द्यायचं नाही’ हा नियम बऱ्याच सोसायट्यांत आहे, आणि तो ब्रोकर तुम्हाला आपणहून सांगणार नाही.

मग आकडे मांडा

समजा फ्लॅट 40 लाखांचा. गुजरातेत स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 2 लाख 36 हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ होते, 40 हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली. वकील, ब्रोकर, रंग, पंखे, गीझर धरून एकूण 44 लाखांची तयारी ठेवा.

भाडं धरू 13 हजार, वर्षाचे 1 लाख 56 हजार. त्यातून मेंटेनन्स 18 हजार, महापालिकेचा वेरा (घरपट्टी) 6 हजार, दुरुस्ती 10 हजार आणि एक महिना घर रिकामं राहील म्हणून 13 हजार काढा. उरले 1 लाख 9 हजार, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. मुदत ठेव याहून जास्त देते.

कर्ज घेणार असाल तर आणखी बघा. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे इथे 32 लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता पावणेअठ्ठावीस हजारांच्या आसपास. हातात पडणारे महिना नऊ हजार वजा केले तरी अठरा-एकोणीस हजार दरमहा खिशातून जाणार. ‘भाड्यात हप्ता निघतो’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल, त्याला हा कागद दाखवा.

आयकरातही मोठा आधार नाही. भाड्यातून भरलेला वेरा, उरलेल्याच्या 30 टक्के आणि कर्जाचं व्याज वजा होतं. या उदाहरणात पहिल्या वर्षी तोटाच दिसेल. पण नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही, जुन्या प्रणालीत 2 लाखांपर्यंत येतो.

माझं मत विचाराल तर नव्या स्कीमच्या (गृहप्रकल्पाच्या) जिमखान्याला आणि बागेला पैसे मोजण्यापेक्षा चांगल्या वस्तीतला जुना पण धड फ्लॅट पाहा. घर जुनं झालं की किंमत जितकी उतरते तितकं भाडं उतरत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, हप्ता सुरू होतो आणि भाडं मात्र शून्य. बीयू परमिशन (बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळणारा वापर परवाना) मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही.

पाण्याची चौकशी

बडोद्यात हे टाळून चालणारच नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. समा, अकोटा, फतेगंज, वडसर, कलाली अशा भागांत घरांत पाणी आलं, मगरीही वस्तीत निघाल्या. घर दाखवणारा म्हणेल, ‘इथे कधीच पाणी आलं नाही.’ तुम्ही पार्किंगमध्ये जा. भिंतीवर आडवी मातकट रेघ आहे का, की एका उंचीपर्यंतच रंग नवा आहे? लाइटचे मीटर अलीकडे वर चढवले आहेत का? लिफ्ट किती दिवस बंद होती, हे वॉचमनला विचारा. पाणी आलं होतं का, हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागत नाही. समोरचा वाणीही सांगतो. तळमजल्याचं टेनामेंट (बैठं घर) घेत असाल तर हे सगळं दुप्पट काळजीने.

कागद

आधीच्या दस्तांची साखळी, इंडेक्स-2 (दस्तनोंदणीचा उतारा), बीयू परमिशन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वेऱ्याची आणि लाइट बिलाची बाकी, सोसायटीची एनओसी. हे सगळं स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. नवी स्कीम असेल तर गुजरात रेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नंबर तिच्या वेबसाइटवर टाकून पाहा. शहराच्या काही भागांना 1991 चा अशांत धारा (अशांत क्षेत्र कायदा) लागू आहे. तिथे कलेक्टरच्या परवानगीवाचून घर विकता-घेता येत नाही. म्हणून बयाण्याची रक्कम देण्याआधी हे विचारून घ्या.

‘दस्त जंत्रीवर करू, बाकीचे रोख द्या’ असं म्हणणारे भेटतीलच. जंत्री म्हणजे सरकारने ठरवलेला दर. जमीन-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. शिवाय उद्या तुम्ही विकाल तेव्हा खरेदीची किंमत कागदावर कमी दिसेल आणि नफ्यावरचा कर तुमच्या डोक्यावर येईल. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे.

किल्ली देताना

भाडेकरार अकरा महिन्यांचा करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची आहे. करारात भाडेवाढ, नोटिशीची मुदत आणि मेंटेनन्स कोण भरणार हे स्पष्ट लिहा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवा. ‘ओळखीतला आहे’ म्हणून हे सोडू नका. डिपॉझिट बँकेतून घ्या. किल्ली देण्याच्या दिवशी लाइट आणि गॅस मीटरचा आकडा, नळ, गीझर, भिंती यांचे फोटो काढा आणि भाडेकरूलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे घर सोडताना वाद घालायला दोघांनाही जागा उरत नाही.