लेझरच्या चिमट्यात लाल पेशी : या चुका टाळा

मे महिन्यात मला हमखास एक फोन येतो. सांगली-मिरजेची, तासगावची आमची भौतिकशास्त्राची मुलं उन्हाळी प्रोजेक्टसाठी मोठ्या प्रयोगशाळांत जातात. तिथे मायक्रोस्कोपमधून एका बिंदूवर एकवटलेल्या लेझरनं रक्तातली एकेक लाल पेशी पकडून धरतात; हाच लेझरचा चिमटा. पहिल्याच आठवड्यात मुलं विचारतात, "सर, लेझर टाकला की लाल पेशीला काटे फुटतात. पॉवर कमी करू का?" मी उलट विचारतो, "लेझर बंद ठेवून तीच स्लाइड दहा मिनिटं बघितलीस का?" बहुतेक वेळा बघितलेली नसते.

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. लेझरनं काय केलं हे कळायला लेझर नसताना काय होतं ते आधी माहीत हवं.

काटे बहुधा मिठाचे किंवा काचेचे

द्राक्षबागेत वाढलेल्या मुलांना हे समजावणं सोपं जातं. अवकाळी पाऊस झाला की मणी पाणी पितो आणि तडकतो. उलट पाणी निघून गेलं की त्याचाच बेदाणा होतो. लाल पेशीचंही असंच आहे. साध्या पाण्यात ती फुगून फुटते, जास्त मिठात आकसते आणि कडेला काटे येतात. तिला लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे ०.९ टक्के मीठ लागतं. द्रावण बरोबर केलंत तरी कव्हरस्लिपच्या, म्हणजे स्लाइडवरच्या पातळ काचेच्या, कडेनं पाणी उडतं आणि अर्ध्या तासात मीठ वाढतं. म्हणून कडा नेलपॉलिशनं किंवा व्हॅसलिननं बंद करा.

मीठ बरोबर, कडा बंद, तरी काटे? मग काचेकडे बघा. काचेलगत द्रावण थोडं अल्कधर्मी होतं आणि तेवढ्यानं पेशीचा आकार बिघडतो. द्रावणात थोडं अल्ब्युमिन (रक्तातलंच एक प्रथिन) घातलं की काटे जातात, शिवाय पेशी काचेला चिकटतही नाही. रक्त त्याच दिवसाचं घ्या. फ्रिजमध्ये बरेच दिवस ठेवलेल्या रक्तातल्या पेशी आधीच काटेरी झालेल्या असतात, आणि दोष मात्र लेझरला लागतो.

हिरवा लेझर हाताशी आहे म्हणून वापरणं

ही चूक खरंच पेशी मारते. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची आणखी दोन शिखरं ५४२ आणि ५७७ ला आहेत. ५३२ चा हिरवा लेझर त्यांना लागूनच बसतो. २० मिलिवॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते एका चौरस मायक्रॉनवर एकवटले की चौरस सेंटिमीटरला २० लाख वॅट होतात. लेझरचा चिमटा शोधणारे आर्थर ॲश्किन यांनाही सुरुवातीला हाच अनुभव आला होता. हिरव्या प्रकाशात जिवाणू मरत होते. १९८७ मध्ये ते १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरकडे वळले आणि जिवाणू, यीस्ट, लाल पेशी जिवंत पकडता आल्या. २०१८ च्या नोबेलमागे हे काम आहे.

पॉवर मोजाल ती स्लाइडपाशी मोजा. लेझरच्या तोंडाशी मोजलेला आकडा कामाचा नाही, कारण अवरक्त प्रकाशाचा बराच भाग ऑब्जेक्टिव्हमध्येच, म्हणजे मायक्रोस्कोपच्या स्लाइडजवळच्या भिंगातच, वाया जातो. आणि हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत. १०६४ साठीचा चष्मा घातल्याशिवाय लेझर सुरू करू नका. याबाबत मी कोणाचंच ऐकून घेत नाही.

उभी राहिलेली पेशी "घडी पडली" म्हणून टिपणं

सात-आठ मायक्रॉनची गोल चकती लेझरमध्ये आली की एकदम काडीसारखी दिसते. मुलं वहीत लिहितात, पेशी दुमडली. ती दुमडलेली नसते. प्रकाशाचा जोर तिला किरणाच्या दिशेनं उभी करतो आणि आपल्याला वरून फक्त तिची कड दिसते. लेझर बंद करा. काही सेकंदांत ती पुन्हा आडवी पडून गोल दिसली तर ठणठणीत आहे. तशीच वाकडी राहिली, किंवा आतला रंग विरून फिकट कवच उरलं, तर मात्र ती गेली.

कधी पेशी आपोआप गरगर फिरू लागते. यंत्र बिघडलं समजून पुन्हा जुळणी करायला बसू नका, आधी मीठ तपासा. जास्त मिठात आकार बदललेली पेशी चिमट्यात स्वतःहून फिरते, हे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं आहे.

पेशी पकडलीच जात नसेल तर ऑब्जेक्टिव्ह आणि स्लाइडमधल्या तेलात बुडबुडा आहे का बघा, आणि ऑब्जेक्टिव्हचा एनए (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं ते सांगणारा आकडा) १.२ च्या वर आहे ना ते बघा. ४० एक्सच्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हवर वेळ घालवू नका.

जाण्याआधी इथेच करून बघा

लेझरनं लाल पेशीचा व्यास मोजायचा हा सोपा प्रयोग आहे. स्लाइडवर रक्ताची पातळ फिल्म काढा, वाळवा आणि तिच्यातून लाल लेझर पॉइंटर सोडा. सुई नवी, हातमोजे घातलेले, वापरलेली स्लाइड ब्लीचमध्ये. २० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर उजळ-काळी गोल कडी दिसतील. ६५० नॅनोमीटरचा लेझर असेल, तर साडेसात मायक्रॉनच्या पेशींचं पहिलं काळं कडं मधल्या ठिपक्यापासून सुमारे २.१ सेंटिमीटरवर येतं. कडी पुसट असतील तर फिल्म जाड झाली आहे, दुसरी काढा. व्यास काढायच्या सूत्रातला (sin θ = १.२२ × तरंगलांबी ÷ व्यास; θ म्हणजे कड्याचा मधल्या ठिपक्यापासूनचा कोन) १.२२ हा आकडा पहिल्या काळ्या कड्याचा आहे. डोळ्यांत भरतं म्हणून त्यापलीकडचं उजळ कडं मोजलंत, तर हीच पेशी साडेपाच मायक्रॉनची निघेल.