उबिनला जाताय? आधी ओहोटीची वेळ बघा

सिंगापूरला पाहुणे आले की मी त्यांना मॉलऐवजी पुलाउ उबिन बेटावर नेते. तनाह मेराह स्टेशनवरून 2 नंबरची बस चांगी व्हिलेजला जाते, जेट्टी तिथून जवळच. होडीला वेळापत्रक नाही. 12 माणसं जमली की सुटते. सुटे डॉलर ठेवा.

मुख्य ठिकाण चेक जावा, म्हणजे बेटावरचा पाणथळ किनारा. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाण्याची उंची अर्ध्या मीटरपेक्षा कमी असेल तेव्हा तिथे चिखलातले खेकडे, समुद्रगवत नीट दिसतं. भरतीला नुसतं पाणी बघून परत याल. ही जागा भराव टाकून बुजवणार होते, लोकांनी आवाज उठवल्यावर 2001 च्या डिसेंबरात ते थांबलं.

सायकल भाड्याने घ्या, पण ब्रेक आधी तपासा, वाटेत चढउतार आहेत. चेक जावाच्या खारफुटीतल्या वाटेवर सायकल चालत नाही, बाहेर लावा. ग्रॅनाइटच्या जुन्या खाणींत आता पाणी साठलंय, कुंपणाबाहेरूनच बघा. (आमच्या सासूबाईंना मात्र खाणींपेक्षा फणसाची झाडंच आवडली!)

दशम्या सॅकच्या तळाशी ठेवा. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की माकडं झडप घालतात. रानडुकरांना काही खायला घालू नका, दंड होतो. आणि अंधाराच्या आत जेट्टी गाठा. शनिवार-रविवारी परतीला रांग असते.