पोरांच्या पोहण्याच्या मीटच्या (स्पर्धेच्या) आदल्या रात्री बॅग भरताना

कॉस्च्युम, कॅप पोरं स्वतः भरतात, त्यात नाक खुपसू नका. गॉगल रोजचाच द्या. कोरा गॉगल पहिल्याच डाइव्हला पाण्याने भरतो. वयाचा दाखला मूळ, झेरॉक्स नव्हे.

आता टॉवेल. दोन. एक नाही, दोन. गेल्या डिसेंबरात मी एकच नेला. उघडा तलाव, सकाळचं वॉर्मअप, त्यातच तो पिळण्याइतका भिजला. लेकीची शर्यत दोन तासांनी. तोवर ओल्या कॉस्च्युमवर तोच ओला टॉवेल घेऊन पायरीवर बसलेली, ओठ जांभळे, बोटांना सुरकुत्या. शेवटी बायकोने आपल्या ओढणीत गुंडाळली. स्पर्धेच्या तलावाचं पाणी 25 ते 28 अंश, आपलं अंग 37. पाणी ऊब ओढतं आणि बाहेर आल्यावर उरलेली वारा नेतो. गारठलेल्या पायांनी ब्लॉकवरून, म्हणजे शर्यत सुरू करायच्या ठोकळ्यावरून, ती काय उडी मारणार? 50 मीटरला नेहमीपेक्षा तीन सेकंद जास्त लागले, आणि मी शहाणा तिलाच विचारतोय, ‘जोर का नाही लावलास?’

तर दुसरा टॉवेल वेगळ्या पिशवीत, गाठ मारून. वॉर्मअप संपेपर्यंत गाठ सोडायची नाही, धाकट्याचं नाक पुसायलासुद्धा नाही. सोबत कोरडे कपडे, मोजे, कानटोपी. आणि तो टॉवेल भरलाय का, हे झोपण्याआधी परत बघा.

खायला दशम्या, केळी. वडापाव शेवटची शर्यत झाल्यावर. पाणी पाजत राहा, पोहतानाही घाम येतो.

रोजचा टँक 25 मीटरचा आणि मीट पुण्याच्या बालेवाडीसारख्या 50 मीटरच्या तलावात असेल तर वॉर्मअपला लवकर पोचवा. 100 मीटरला टँकमध्ये तीन टर्न (भिंतीला शिवून वळणं), इथे एकच, अंदाज चुकतो. बॅकस्ट्रोकवाल्यांना, म्हणजे पाठीवर पोहणाऱ्यांना, भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या 5 मीटर आधीच्या झेंड्यांपासून किती हात मारायचे ते मोजून बघायचं असतं. ते सर करून घेतील, आपण गॅलरीतून ओरडायचं नाही.

हीट (कितव्या गटात पोहायचं), लेन हातावर मार्करने लिहा, बॉलपेन धुऊन जातं. सुटे पैसे. चपला. शर्यतीनंतर टायमिंग नको, भूक विचारा.

फायनल संध्याकाळी असेल तर दुपारी दोन्ही टॉवेल उन्हात टाका. कठड्यावर नको, तिथे लोक पाय पुसतात.