टिनमधल्या चिकनचा जमैकन बेत, सोबत जळगावची कच्ची केळी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की गॅससमोर तासभर उभं राहून मटण शिजवायची कोणाची छाती होत नाही भो, खरं सांगा. त्यात एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आलेला एकटा माणूस असेल तर विचारूच नका, तो सरळ शेवभाजीचं पार्सल आणतो नाहीतर मॅगी टाकतो. अशा लोकांसाठी हा बेत आहे. कॅरिबियन बेटांवर, म्हणजे जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस वगैरे, टिनमधल्या मांसाचं एक झटपट जेवण घरोघरी होतं, अर्ध्या तासात ताट तयार, आणि गंमत अशी की त्यातला टिनचा डबा सोडला तर बाकीचं सगळं सामान आपल्या खान्देशात दाराशी मिळतं, काही तर त्यांच्यापेक्षा चांगलं मिळतं.

जमैकात याला बुली बीफ म्हणतात. मीठ लावून मुरवलेलं, शिजवून डब्यात दाबून भरलेलं गाय-बैलाचं मांस, म्हणजे कॉर्न्ड बीफ, ते कांदा-टोमॅटो-मिरचीवर परतायचं आणि पांढऱ्या भातासोबत खायचं, एवढंच. तिकडे जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन असतो, वादळ आलं की लाईट जाते, फ्रिज बंद, बाजार बंद, म्हणून घरात चारदोन टिन भरून ठेवायची सवयच आहे लोकांना. पण वादळासाठीच खातात असं नाही, महिनाअखेरीला खातात, कंटाळा आला की खातात, पोरं हॉस्टेलवर खातात. फार श्रीमंती थाट नाही याचा आणि तोच त्याचा गुण आहे.

आता डब्याचं बघू. तिकडे वापरतात तो कॉर्न्ड बीफचा डबा आपल्याकडे दुकानात शोधत बसू नका, महाराष्ट्रात गायीची कत्तल आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैलाचीही बंद आहे, आणि बऱ्याच घरांत ते मांस चालतही नाही. आपण चिकनवर करायचं. चिकन लंचन मीट नावाचा टिन येतो, मऊ वडीसारखा ठोकळा असतो आत, साधारण ३४० ग्रॅमचा, तो या कामाला मला सगळ्यात बरा वाटतो. नाहीतर मिठाच्या पाण्यातलं शिजवलेलं चिकन टिनमध्ये येतं, तेही चालतं पण पाणी पूर्ण निथळून घ्या. तेही नाही मिळालं तर टूना. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या सुपरमार्केटात टूना दिसतो कधीकधी, लंचन मीटसाठी मात्र ऑनलाईन मागवा नाहीतर पुण्या-मुंबईहून कोणी येणार असेल त्याला सांगून ठेवा. स्वस्त नाही पडत, हे आधीच सांगतो. पण एका डब्यात तीन माणसं जेवतात.

डबा घेताना तारीख तर बघाच, पण त्याहून जास्त डब्याचं अंग बघा. फुगलेला, शिवणीवर चेपलेला, गंजलेला, कुठून ओलसर झालेला डबा असला तर तो सरळ फेका, वास घेऊन किंवा चाखून बघायच्या भानगडीत पडू नका, कारण बॉट्युलिझमचं, म्हणजे खराब डब्यात वाढणाऱ्या जंतूंचं जीवघेणं विष वासाला कळत नाही. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे डबे पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे नुसती भट्टी असते, खाली धान्याच्या कोठीशेजारी गार कोपऱ्यात ठेवा. बंद डबा तसाच गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात ठेवून गरम करायचा नाही, फुटतो.

सामान असं लागेल, तीन माणसांच्या हिशोबाने. एक टिन, दोन मध्यम कांदे, दोन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, पाचसहा लसूण पाकळ्या, कांद्याची पात मूठभर, कोबी वाटीभर बारीक चिरलेला, मक्याचे दाणे असले तर अर्धी वाटी, दोन हिरव्या मिरच्या अख्ख्या, अर्धा चमचा मिरेपूड ताजी कुटलेली, एक मोठा चमचा टोमॅटो केचप, लिंबू, दोन चमचे शेंगदाणा तेल, आणि ओव्याची पानं. दीड वाटी तांदळाचा भात. आणि कच्ची केळी सहा. मीठ यादीत नाही लिहिलं ते विसरून नाही, टिनमध्येच भरपूर असतं, वरून टाकलं की जेवण गेलं. बीपीवाले असतील घरात तर त्यांनी हे रोजचं करू नये.

ओव्याची पानं म्हणजे ती जाड, मखमली, कडा कातरलेली, ज्याची आपल्याकडे भजी करतात, बऱ्याच अंगणात कुंडीत असतंच ते झाड. जमैकन लोक या जेवणात थाईम नावाच्या सुगंधी पाल्याच्या काड्या टाकतात, आता थाईम आपण कुठून आणणार, पण त्रिनिदादमध्ये हीच ओव्याची पानं हिरव्या वाटणात वापरतात, त्यामुळे बिनधास्त टाका. कुंडी नसेल तर अर्धी चिमूट ओवा हातावर चोळून टाकला तरी काम होतं, थाईमला जो वास असतो तो थायमॉलचा आणि ओव्यातही तेच असतं. पण चिमूट म्हणजे चिमूटच, जास्त झालं तर पोट दुखतंय म्हणून काढा केला की काय असं लागेल.

सगळ्यात आधी केळी लावा, कारण वेळ तीच खातात. जमैकात बुली बीफसोबत भात असतो, नाहीतर उकडलेली हिरवी केळी असतात, आणि हे वाचून रावेर-यावलच्या माणसाला हसू येणार हे मला माहीत आहे, बागेत घडच्या घड लागलेले आणि आपण ती कच्ची फक्त वेफर्सला वापरतो. सावदा-फैजपूरकडे केळीचे वेफर्स तळून देणारे आहेत, त्यांच्याकडे कच्च्या केळीची फणी मागा, देतात. शहरात असाल तर केळीच्या वखारीत जाऊन पिकायला न लावलेली मागा. केळ एकदम हिरवंगार आणि कडक पाहिजे, जरा पिवळसर झालं की उकडल्यावर गोडूस आणि गिळगिळीत होतं.

हाताला आणि सुरीला आधी तेल लावा नाहीतर चीक बसतो, आणि तो बोटांवर काळा पडला की दोन दिवस निघत नाही. केळीची दोन्ही टोकं कापा, मग सालीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी चीर द्या, साल कापली जाईल आणि गराला जेमतेम लागेल एवढीच. साल काढायची नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात मीठ आणि चमचाभर तेल, तेलामुळे पातेल्याच्या कडेला चिकाचा काळा कडा धरत नाही. केळी टाकली की पंधरा मिनिटं. साल हिरवीची तपकिरी-करडी होते, चीर आपोआप उघडते आणि आतला गर पिवळसर दिसायला लागतो, सुरी टोचली आणि सहज गेली की काढा. चिमट्याने धरून साल सोला, एका हिसक्यात निघते. चव बटाट्याच्या जवळची पण जरा घट्ट.

केळी उकळेपर्यंत दुसरीकडे भात लावा, मोकळा पाहिजे, खिचडीसारखा आसट नको. कुकर लावला तर पाणी थोडं कमी घाला.

आता डबा उघडा. लंचन मीटचा डबा आधी तासभर फ्रिजमध्ये राहिला असेल तर ठोकळा अख्खा निघतो आणि नीट कापता येतो, गरम डब्यातून चिखल निघतो. झाकणाची धार ब्लेडसारखी असते, बोटाने उचकटू नका. ठोकळ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. खरा कॉर्न्ड बीफ चमच्याने दाबला की तंतू तंतू सुटतात, आपलं चिकन तसं सुटत नाही, म्हणून त्याला वेगळी ट्रीटमेंट द्यायची. लोखंडी तवा किंवा कढई चांगली तापवा, एक चमचा तेल, तुकडे पसरून टाका आणि हलवू नका. खरंच हलवू नका. दोन-तीन मिनिटांनी खालची बाजू लालसर कुरकुरीत होते, मग उलथन्याने पलटा, दुसरी बाजू तशीच, आणि ताटात काढून ठेवा. हे आळसाने टाळलं की शेवटी सगळ्याचा लगदा होतो आणि मग लोक म्हणतात टिनचं मटण काही खरं नाही. निथळलेलं टिनचं चिकन असेल तर ते जरा पिळून घ्या, बोटांनी मोकळं करा आणि तसंच परता. टूना असेल तर परतूच नका, अगदी शेवटी टाकायचा.

त्याच कढईत दुसरा चमचा तेल, कांदा उभा चिरलेला टाका, गॅस मोठा. कांदा लाल नाही करायचा, कडा जरा पारदर्शक झाल्या की लसूण ठेचून, ढोबळी मिरची, पातीचा पांढरा भाग आणि ओव्याची पानं हातानेच फाडून टाका. मिनिटभराने टोमॅटो, मिरेपूड, केचप. अर्धा कप पाणी ओता आणि कढईच्या तळाला चिकटलेला तो लाल खरवड उलथन्याने सोडवून घ्या, चव तिथेच बसलेली असते. आता कोबी आणि मका, वरून दोन हिरव्या मिरच्या अख्ख्या, देठासकट, न चिरता. जमैकन माणूस इथे स्कॉच बॉनेट नावाची मिरची टाकतो, ती आपल्या लवंगीपेक्षाही जबर तिखट असते आणि तिला एक फळासारखा वास असतो, म्हणून ती अख्खीच सोडतात, वास उतरतो आणि तिखट आतच राहतं, फुटायच्या आत काढून घेतात. आपणही तेच करायचं. झाकण ठेवून चार मिनिटं, कोबी जरा करकरीत राहिला पाहिजे. मग चिकनचे तुकडे परत टाका, एकदा वरखाली करा, पातीचा हिरवा भाग, अर्धं लिंबू, गॅस बंद.

आता एक विनंती. या टप्प्यावर खान्देशी माणसाचा हात आपोआप काळ्या मसाल्याच्या डब्याकडे जातो. नाही गेला तर शेंगदाण्याच्या कुटाकडे जातो. आवरा. काळा मसाला टाकला की ते मस्त लागेल यात वाद नाही, पण मग ते आपलं रोजचं जेवण झालं, एवढा उपद्व्याप करून काय मिळवलं? इथे मिरे, ओवा, ढोबळी आणि लिंबू यांचीच चव वर आली पाहिजे. रस्साही नको, चमच्याने उचलल्यावर कडेने थोडा ओलावा सुटेल एवढंच. घरातली मोठी माणसं "हाई काय शे?" म्हणून ताटाकडे बघतील, त्यांना आधी केळीचा तुकडा त्या लालसर रसात बुडवून द्या, मग बघा.

आणि तिखट कमी पडलं अशी ओरड होणारच. त्याला उपाय ताटाच्या कडेला. तिकडेही मिरचीचा सॉस वेगळाच असतो, बार्बाडोसकडे त्यात मोहरी घालतात. आठदहा हिरव्या लवंगी मिरच्या, चार लसूण पाकळ्या, चमचाभर मोहरी, चिमूट हळद, मीठ आणि तीन-चार चमचे व्हिनेगर, मिक्सरला फिरवा, झालं. मिक्सरचं झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर पुढचे काही दिवस वडापावपासून खिचडीपर्यंत कशालाही लावा.

ताट कसं लावायचं तर भात, शेजारी हे परतलेलं चिकन, दोन केळी, लिंबाची फोड, बस. पोळीसोबत मला नाही आवडत, कोरडं वाटतं. कळण्याच्या भाकरीसोबत मात्र फर्स्टक्लास, वर कच्चा कांदा.

हिवाळ्यात करणार असाल तर याला एक जोड आहे. कलकत्त्याहून निघालेली मजुरांची जहाजं १८४५ च्या मे महिन्यात जमैका आणि त्रिनिदादला पोचली, उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेली माणसं, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, आणि त्यांच्यासोबत भाजलेल्या वांग्याचा चोखा गेला. त्रिनिदादमध्ये आजही तो सकाळच्या नाश्त्याला साध्या रोटीसोबत खातात. वांग्याला चिरा देऊन त्यात लसणाच्या पाकळ्या खुपसायच्या, मग विस्तवावर भाजायचं, सोलून ठेचायचं, वर कच्चा कांदा आणि कडकडीत तेल. आता भरताचं वांगं म्हटल्यावर जळगावकराला कोणी काय शिकवावं, जीआय टॅग आहे आपल्या वांग्याला, केळीलाही आहे. कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला टाकालच, त्यातलं एक लसूण खुपसून बाजूला काढा आणि या चिकनभातासोबत वाढा. उन्हाळ्यात ते मोठं हिरवं वांगं नसतं तेव्हा दुसऱ्या वांग्यावर हट्ट करू नका, केळी पुरे.

चिकनच्या जागी बांगड्याचा टिन हाताला लागला तर पद्धत थोडी बदलते. जमैकात त्याचं रनडाऊन करतात. टेट्रापॅकमधलं नारळाचं दूध कढईत आटवत बसायचं, ढवळत, त्याला तेल सुटून खाली साय-साय दाणे दिसेपर्यंत, मग कांदा, लसूण, टोमॅटो, ओव्याची पानं, अख्खी मिरची, आणि शेवटी मासा हलक्या हाताने. यालाही उकडलेली केळी पाहिजेतच, भातापेक्षा केळीच बरी.

उरलं तर डब्यात परत भरून ठेवू नका, स्टीलच्या डब्यात काढा आणि लगेच फ्रिजमध्ये. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं तासाभरात धोक्याचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर गरम करा, त्यावर दोन अंडी फोडा, पावात भरा. उरलेली केळी असतील तर जाड चकत्या करून थोड्या तेलात परता आणि वरून मिरेपूड, पण दुपारपर्यंत संपवाच.